पाठीचा नववा मणका

कोपरखैरण्याच्या आमच्या बैठ्या घरात
लॅपटॉपवर गेले आठ महिने
एक माणूस पडून आहे.
इंग्लंडच्या पूर्वेला, बीटाच्या शेतात सापडलेला,
अँग्लो-सॅक्सन, सातवं शतक, डोकं पश्चिमेला,
कमरेशी गंजलेली वीतभर सुरी.
नाव नाही. सांगाडा एकशे बारा.

आई त्याला 'तुझा तो' म्हणते.
"तुझा तो जेवताना बंद कर."
स्क्रीन देव्हाऱ्याकडे वळलेली असली
की तिचा दिवा लावायचा राहतो.
एकदा मात्र तिनेच विचारलं,
त्याच्या माणसांना विचारून काढलं का वर?
मी म्हटलं, माणसं कुठली आता, तेराशे वर्षं झाली.
"म्हणजे नाही विचारलं."
आणि तिने भाकरी उलटली.

मला तो आधी दातांतून कळला.
सुळ्यावर आडव्या तीन रेघा:
अडीच-तीन वर्षांचा असताना काहीतरी झालं,
ताप म्हणा, उपासमार म्हणा,
दात घडायचा थांबला, मग पुन्हा घडू लागला.
त्या रात्री मोरीतल्या आरशात
मोबाइलचा उजेड धरून मी माझे सुळे बघितले.
रेघ आहे. एकच, पुसट.
मार्केट बंद होतं त्या वर्षीची असेल.
नसेलही. असं सिद्ध करता येत नाही.

पण माझा विषय त्याचे मणके.
आठव्यापासून अकराव्यापर्यंत
सपाट तोंडांवर खळगे,
कणकेत अंगठा दाबावा तसे.
पुस्तकात लिहिलंय: जड ओझी, लहान वयापासून, बहुधा.
आमच्या विषयात 'बहुधा'वाचून
एक पान सरत नाही.

आप्पा दुपारी येतात कांदा-बटाट्यावरनं,
अंगाला बारदानाचा वास, केसांत कांद्याची सालं.
चौतीस वर्षं. आता गोणी पन्नासची,
आधी शंभराची असायची.
परवा हातातला हुक न ठेवताच
ते स्क्रीनसमोर थांबले.
हे काय?
मणका. नववा.
चष्म्याशिवाय बराच वेळ बघितलं.
"ह्यो उजव्या खांद्यावर घ्यायचा."
कशावरून?
"एका अंगानं चेपलाय. मुकादम नवा गडी
असाच पारखायचा, मागनं."
मग सदऱ्यावरूनच स्वतःच्या पाठीत
अंगठा नेमका तिथे टेकवला
जिथे पोचायला मला तीन सेमिस्टर लागली.

मी फाइल उघडली. पान सतरा:
उजव्या हासळीच्या हाडावर स्नायूंच्या खुणा खोल,
डावीकडे पुसट.
हे पान मी त्यांना दाखवलंच नव्हतं.

"उचलायचा काय?"
ठाऊक नाही. धान्य, दगड, लाकूड.
"वाराई किती?"
तेही ठाऊक नाही.
मग तू शिकतेस तरी काय, असं ते म्हणाले नाहीत.
म्हणाले, सुरी बरोबर दिली ते बरं केलं.

रेशनकार्डाच्या पिशवीत त्यांचा एक्स-रे आहे,
वाशीच्या पालिका हॉस्पिटलातला.
डॉक्टरने तेव्हा एकच शब्द लिहिला होता, वय.
मी फिल्म खिडकीच्या काचेला धरली.
मागून समोरच्या गॅलरीतली चादर दिसत होती,
तिच्यावर आप्पांचे मणके,
आणि तेच खळगे.
आमच्यात जाळतात. तिसऱ्या दिवशी
हाताला येईल तेवढं मडक्यात, मग गावाकडे, कोयनेला.
हा मणका कुणाच्या ट्रेमध्ये येणार नाही,
याला क्रमांक पडणार नाही.
फिल्मच्या कोपऱ्यात नाव आहे, तेही चुकलेलं.

आमच्या नोंदपत्रात शेवटी एक रकाना असतो: निरीक्षक.
तिथे मी माझं नाव लिहिलं,
स्वल्पविराम दिला,
आणि पुढे, हिंदुराव शेडगे, माथाडी.
सर विचारतील, हे कोण, कुठल्या विद्यापीठाचे.
विचारू देत.

वरच्या ओळीतला 'बहुधा'
खोडायला बोट नेलं होतं.
राहू दिला.